झाकणाखालचा पिवळा आकडा

१

रविवारची प्रार्थना आटोपली की लोक माझ्या गॅरेजात जुन्या गाड्यांचे एअर क्लीनर घेऊन येतात. कुणी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणतो, कुणी मांडीवर तान्ह्या बाळासारखा धरून. मी कॉफीचा मग बाजूला ठेवतो, चष्मा बदलतो आणि समोरच्याला ताटकळत ठेवून सावकाश हात धुतो. धुण्याची तशी गरज नसते. पण उभं आयुष्य काउंटीच्या नाले-आयुक्तांच्या कचेरीत कारकुनी केल्यावर मला एवढं कळलं आहे, की माणसाला थोडं थांबवलं म्हणजे उत्तराला वजन येतं.

मॉडेल एकच. एकोणीसशे एकोणसत्तरची केस्ट्रल. लांब नाक, आखूड शेपूट आणि बॉनेटखाली शेजाऱ्यांशी कायमचं वैर जोडून देणारं इंजिन. त्या इंजिनाच्या डोक्यावर परातीएवढा नारिंगी डबा बसतो. त्याला खाली बूड, वर झाकण, पोटात कागदी फिल्टर आणि पुढे हवा ओढणारी सोंड. बस्स. अडाण्याला तो डबा दिसतो. मला त्याची वंशावळ दिसते.

कारखान्यात गाडीवर चढला तो अस्सल. पुढे कंपनीच्या दुकानातून आणून बसवला तो सावत्र. आणि हल्ली कुणीही पत्रा ठोकून विकतो ती नक्कल. अस्सल झाकणाची कड आतल्या बाजूला वळलेली असते. सोंडेवरच्या छापील अंकांची डावी बाजू उथळ उठते, कारण ठसा झिजलेला होता आणि तो बदलायला कुणाला सवड नव्हती. आतला रंग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत, कारण रंगाऱ्याचं लक्ष जेवणाच्या सुट्टीकडे होतं. नक्कल ओळखणं सोपं असतं. ती फार नीट असते.

आणि मग तो आकडा. अंक नव्हे, हुकासारखी खूण. झाकणाच्या आतल्या बाजूला, पिवळ्या मेणखडूने काढलेला, मासे धरायच्या गळासारखा. लाइनवरच्या तपासनिसाला एखाद्या झाकणाची शंका आली की तो हा आकडा काढायचा. अर्थ एवढाच, की ‘ह्याकडे परत बघायचं.’ मग पाळी संपायची, गाड्यांची घाई असायची, आणि झाकण तसंच जगात जायचं. म्हणजे खरं तर ती हलगर्जीपणाची खूण. पण आमची माणसं तिला पदक मानतात. पेन्शन घेणारे, नातवंडं असलेले पुरुष आपल्या निर्दोष झाकणाखाली मोठ्या मेहनतीने ‘शंका आहे’ असं काढून घेतात आणि वर मित्रांना दाखवतात. दुसरी कुठली जमात असं करत असेल असं मला वाटत नाही.

त्यावरही माझा नियम आहे. आमच्या क्लबच्या परीक्षणाच्या पुस्तिकेत तो माझ्याच शब्दांत छापलेला आहे: इंजिनाच्या उष्णतेने जुनं मेण भाजून नखासारखं कडक होतं, तेव्हा बोटाला लागेल तो आकडा खोटा. ह्या एका वाक्याने ओहायोतल्या टोलीडोच्या एका दंतवैद्याला जत्रेच्या मैदानावर रडू फुटलं होतं. वाक्य चांगलं आहे. मी ते पुन्हा तसंच लिहीन.

सगळ्यात शेवटी मी सोंडेला कान लावतो. उजव्या कानात मशीन आहे, पण डावा अजून काउंटीतला सर्वोत्तम कान आहे. पोकळ पत्रा शंखासारखा घुमतो, आणि जाड पत्र्याचं घुमणं वेगळं, पातळाचं वेगळं. त्यात निम्मं नाटक आहे हे मी नाकारत नाही. रोस्को गिब्स, माझा जोडीदार परीक्षक, मला त्यावरून पोप म्हणतो. म्हणो बापडा. पोपचा शब्द शेवटचा असतो.

२

बर्नाडीन पावलाक आली ती भर दुपारी, नवऱ्याच्या चौकड्यांच्या शर्टात डबा गुंडाळून. तिचा नवरा काझ जाऊन वसंत सरला होता.

“बर्नाडीन, बस. काझबद्दल मला—”

“काझबद्दल फादरचं बोलून झालंय, आणि चांगलं बोलले. तू डब्याबद्दल बोल.”

मी हात धुवायला वळलो.

“हात स्वच्छ आहेत तुझे, ऑरिन. हे चाळे त्या ओहायोवाल्यांसमोर कर.”

मी हात न धुता आलो. असं क्वचितच होतं.

हकिगत साधी होती. काझने ती केस्ट्रल फौजेतून परत आल्यावर कोरी घेतली होती, आणि टायर, तेल आणि फिल्टरचा कागद सोडला तर तिच्यावरचं काहीही कधी बदललं नाही असं तो जन्मभर सांगत आला. उपासाच्या दिवसांतल्या मासळीच्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये ते आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की तो तोंड उघडायच्या आधी आम्हीच म्हणून टाकायचो. पण दफनानंतरच्या जेवणात त्याचा धाकटा भाऊ वॉल्ट, ताटात कोबीचे गोळे घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, की भाऊ गेला त्याचं वाईट वाटतं, पण तो लबाड होता. खडीच्या रस्त्यावर एकदा गाडी खड्ड्यात गेली, मूळ डबा चेपला आणि काझने भंगारातून दुसरा आणून गुपचूप बसवला.

“वॉल्टला असं बोलून काय मिळालं?” मी विचारलं.

“लहानपणापासून एकच हवं होतं त्याला. काझ एकदा तरी खोटा ठरावा.” तिने शर्ट सोडवला. “शनिवारी क्लबच्या प्रदर्शनात, जत्रेच्या मैदानावर, गाडी ‘जशीच्या तशी’ वर्गात उभी करतेय मी. वॉल्ट येणार आहे. म्हणाला, त्या ऑरिन टेस्मरला सांगू दे सगळ्यांसमोर. मी म्हटलं, सांगेल. ऑरिन, मी ह्या माणसाशी सगळा संसार केला. तो गाडीबद्दल खोटं बोलला असेल, तर मला बाकीचंही सगळं पुन्हा एकदा आठवून बघावं लागेल. आणि ह्या वयात मला तेवढा वेळ नाही.”

मी डबा घेतला. कड आत वळलेली. अंकांची डावी बाजू उथळ. रंग खरबरीत. झाकण उलटं केलं, आणि आकडा होता. सुरेख, घाईत काढलेला, शेपटीला किंचित झटका दिलेला. मी अभिमानाने त्यावर बोट फिरवलं.

बोट पिवळं झालं.

मेण मऊ होतं. शाळेच्या खोक्यातून आत्ताच काढल्यासारखं. मी बोट खाली केलं, तिला दिसू नये म्हणून, आणि वेळ काढायला सोंडेला कान लावला.

शंखाचा आवाज आला नाही. जागेचा आवाज आला. उंच छपराच्या, लांबच लांब जागेचा, जिथे एखादी वस्तू पडली तर तिचा आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत यायला वेळ घेतो. कुठेतरी साखळी सरकत होती. हवेच्या नळीने फुस्स केलं. आणि फार दूर कुणीतरी बेसूर शिट्टी वाजवत होतं, मध्येच खोकत होतं आणि पुन्हा तिथूनच सुरू करत होतं.

मी कान काढला. गॅरेजात फ्रिज घुरघुरत होता. त्याची पिन काढली. शेजारी गवत कापत नव्हता. पुन्हा कान लावला. शिट्टी चालू होती.

“काय?” बर्नाडीन म्हणाली.

“राहू दे इथे. शनिवारपर्यंत.”

“म्हणजे खोटा?”

“म्हणजे राहू दे.”

तिने शर्ट घडी करून छातीशी धरला. “तुझा चेहरा का असा झालाय?”

“ह्या वयात असाच असतो,” मी म्हणालो.

३

मी तर्काने चालणारा माणूस आहे. कचेरीत असताना लोक माझ्यापुढे रडून सांगत, की नाला रातोरात त्यांच्या कुंपणात सरकला. मी नकाशा उघडायचो. नाला जागेवरच असायचा, कुंपण सरकलेलं असायचं.

म्हणून मी आकडा टर्पेन्टाइनने पुसून काढला. चिंधी पिवळी झाली, झाकण कोरं झालं. डबा पत्र्याच्या कपाटात ठेवला, किल्ली खिशात. सकाळी उघडलं तर आकडा होता. तोच झटका, तीच शेपटी, पण जरा जोरात काढलेला, जसं आपण एखाद्याला दुसऱ्यांदा सांगतो.

मी स्वतःचेच हात तपासले. नखांत मेण नव्हतं. माझ्या घरात पिवळा खडू नाही, कुठल्याच रंगाचा नाही. झोपेत चालण्याची सवय मला असती तर बायकोने, इलेनने, देव तिला शांती देवो, हयातीत मला ती नक्कीच ऐकवली असती. राहता राहिला चोर. पण कपाट उघडून, काहीही न नेता, मेणाची एक रेघ ओढून, कुलूप लावून जाणारा चोर आमच्या काउंटीत असेल तर त्याला मी नोकरीच दिली असती.

पुन्हा पुसला. पुन्हा आला.

ह्या वेळी कपाटाचं दार उघडताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. डबा कोमट होता. गरम पाण्याने ताटली धुवून ठेवल्यावर असते तसा. आणि कपाटात वास होता. टर्पेन्टाइनचा नव्हे. ओल्या रंगाचा, भट्टीत जायच्या आधीचा. तो वास मी आयुष्यात कधी घेतला नव्हता, कारण मी नाल्यांत होतो, कारखान्यात नव्हतो. तरी मला तो ओळखता आला. कशावरून, ते मी अजून स्वतःला विचारतो.

सोंडेला कान लावला. शिट्टी जवळ आली होती. फार नाही. त्या मोठ्या जागेत एकेका ठिकाणी थांबत, काहीतरी बघत, पुढे सरकत असावी तेवढी.

खरं सांगायचं तर मला भीतीच्या आधी काय वाटलं, ते लिहिलं पाहिजे. मला अभिमान वाटला. इतकी वर्षं मी कड बघत होतो, ठसा बघत होतो, रंगावर नख फिरवत होतो, आणि आज झाकणाने स्वतःच आपलं जन्मस्थान मला ऐकवलं होतं. नक्कल करणाऱ्यांनी कड वळवावी, ठसा झिजवावा, रंग बिघडवावा. हे कुठून आणणार? जगात हा आवाज एकाच परीक्षकाला ऐकू आला होता, आणि तो मी होतो. मी कपाटासमोर चपला घालून उभा होतो, आणि माझी छाती कबुतरासारखी फुगली होती.

मग शिट्टी थांबली, आणि मी दार घाईने लावलं.

४

रोस्कोला बोलावलं. रोस्कोने तरुणपणी त्याच कारखान्यात काम केलं होतं आणि ते कुणाला विसरू देत नसे. आता तो हौसेने जुन्या गाड्यांचे भाग रंगवतो, आणि आपण रंगवलेलं झाकण मला ओळखता येत नाही असा त्याचा दावा आहे. मला ते येतं. तो नेहमी दातांत काडी ठेवतो.

“पोपसाहेब, कुठला चमत्कार झालाय?”

“कान लाव.”

“आंघोळ करून आलोय मी. तुझ्या कानाचा मळ असेल त्याला.”

“लाव रे.”

त्याने लावला. काडी तोंडात इकडून तिकडे फिरत होती. ती थांबली.

“फ्रिज बंद कर.”

“बंदच आहे.”

तो बराच वेळ वाकून राहिला. बाहेर पोस्टाची गाडी आली, गेली. मग तो कान न काढता बोलू लागला, चर्चमध्ये बोलतात तसा.

“ती वरची साखळी आहे. झाकणं टांगून ओव्हनकडे नेणारी. खांबापाशी तिची एक कडी अडकते. ऐक. आता. टक्. दरवेळी तिथेच.”

“कारखाना पाडला, रोस्को. तिथे आता गवत आहे. तुझा नातू तिथे कुत्रा फिरवतो.”

“मला सांगतोस? पाडत होते तेव्हा मी कुंपणाबाहेर उभा राहून हॉटडॉग खात होतो.”

“आणि शिट्टीवाला?”

रोस्को सरळ झाला. त्याने झाकण उलटं केलं, आकड्याकडे बघितलं, बोट लावलं नाही.

“तपासनीस. आम्ही त्याला नावाने कधी हाक मारली नाही, तोच आमची नावं विचारायचा. खडू कानामागे. आकडा काढायचा, पुढे जायचा. आणि सगळी लाइन संपवून परत यायचा.”

“मग आकडा पुसायचा?”

“कुणी माल अंगावर घेतला तर. ‘हे पास करणारा कोण?’ असं विचारायचा. कुणीतरी नाव द्यायचं. नाव दिलं की माल त्याचा. पुढे काही निघालं तर त्यालाच बोलावणं.”

“कुठे?”

“लाइनवर. कुठे म्हणजे काय?” त्याने काडी काढून खिशात टाकली. “मी कधी नाव दिलं नाही. कुणीच देत नसे. गप्प उभे राहायचो, मग तो झाकण उचलून न्यायचा आणि त्याचं पुढे काय करायचा ते आम्ही बघत नसू. ऑरिन, बर्नाडीनला हे आज परत दे. म्हणावं, सांगता येत नाही.”

“मला सांगता येतं.”

“तेच म्हणतोय मी.”

“शनिवारी वॉल्ट उभा राहणार आहे समोर. आणि मी म्हणू, सांगता येत नाही? मी?”

“पुस्तिकेप्रमाणे तर सोपं आहे. बोटाला लागतो, म्हणजे खोटा. वाक्य तुझंच आहे.”

“मग काझ लबाड ठरतो.”

“काझ मेलाय. त्याला काय फरक पडतो?”

“तिला पडतो.”

रोस्कोने माझ्याकडे बघितलं. आमची ओळख फार जुनी आहे, पण असं त्याने कधी बघितलं नव्हतं. एखाद्या झाकणाकडे बघावं तसं.

“तिला पडतो,” तो म्हणाला, “आणि तुलाही जरा मिरवायचंय. दोन्ही खरं आहे. मी शनिवारी लिहायला बसेन. पण त्या सोंडेशी मी पुन्हा तोंड नेणार नाही, आणि तूही नेऊ नकोस.”

५

शनिवारी जत्रेच्या मैदानावर ऊन लख्ख होतं. भाजलेल्या मक्याचा वास, घडीच्या खुर्च्या, गाड्यांच्या काचांवर चकाकणारं आकाश, आणि बॉनेटं उघडून आपापल्या इंजिनांशेजारी उभे असलेले पुरुष. काझची केस्ट्रल गर्द हिरवी. बर्नाडीन पुढच्या चाकापाशी उभी होती, नवा झगा, काझचीच टोपी. सकाळी आणून बसवलेला डबा मी इंजिनावरून उतरवून मडगार्डवर पसरलेल्या रजईवर ठेवला. भोवती गर्दी जमली. मी आणि रोस्को तपासतो त्या वर्गाला गर्दी जमतेच, पण आज वॉल्टने आगाऊ जाहिरात केली होती.

वॉल्ट पावलाक ठेंगणा, गुबगुबीत, भावाचेच डोळे. हातात क्लबची पुस्तिका. मी झाकण उलटं करेपर्यंतही त्याला धीर नव्हता. त्याने हात घातला, आकड्यावर अंगठा फिरवला आणि वर धरला. अंगठा पिवळाधमक.

“वाचू का, पोप? का तुला पाठ आहे?”

“वाच. तुला वाचता येतं हे लोकांना कळू दे.”

लोक हसले. त्याने तरीही वाचलं, शब्दन् शब्द, आणि शेवटचा ‘खोटा’ दोनदा वाचला.

“झालं तर,” तो म्हणाला. “भंगारातला डबा, वर खडू. बर्नाडीन, मी काही आनंदाने सांगत नाही.”

“तुझ्या तोंडाला कोबी लागलेला तेव्हाही तू आनंदानेच सांगत होतास,” बर्नाडीन म्हणाली. तिने काझची टोपी सरळ केली. “ऑरिन. तू सांग. त्याचं नको मला. नियमाचं पण नको. तुझं सांग.”

रोस्को घडीच्या खुर्चीवर पॅड घेऊन बसला होता. त्याने मान हलवली. किंचित. नको.

मी झाकण बसवलं, डबा दोन्ही हातांत उचलला आणि सवयीने आधी सोंडेत डोकावलो. सोंडेच्या आत फिल्टरचा कागद दिसायला हवा. भर उन्हात तर स्पष्ट. कागद दिसला नाही. खोल दिसलं. खूप खोल, आणि तिथे त्या जागेचाच उजेड होता, दिव्यांचा, निळसर. आणि त्या उजेडात एका रांगेत टांगलेली नारिंगी झाकणं हळूहळू हलत चालली होती, एकामागून एक, कुठल्या तरी कोपऱ्याकडे. एक कडी अडकली. सगळी झाकणं एकदम थरथरली.

मग ते दिसेनासं झालं, कारण पलीकडून कुणीतरी सोंडेसमोर आलं. आधी काळोख. मग त्या काळोखात मध्यभागी ओलसर काहीतरी उघडलं आणि माझ्याकडे बघू लागलं.

मी ओरडलो नाही. हे मला नोंदवायचं आहे. मी डोळा काढला, डबा तसाच धरला आणि सवयीने, निव्वळ सवयीने, डावा कान लावला.

श्वास ऐकू आला. म्हाताऱ्या, सिगारेटी ओढलेल्या छातीचा. मग एक आवाज, अगदी कानाशी, दमलेला, कामातला, वैर नसलेला.

“हे पास करणारा कोण?”

आमच्या भोवती शंभरेक माणसं असतील. कुणी मका खात होतं. कुणाला काही ऐकू गेलं नाही, हे मला त्यांच्या जबड्यांवरून कळलं. रोस्कोला मात्र माझ्या चेहऱ्यावरून कळलं, कारण तो खुर्चीतून उठला.

गप्प राहायला काहीच लागत नव्हतं. डबा खाली ठेवायचा, पुस्तिकेवर बोट ठेवायचं, ‘नियम तो नियम’ म्हणायचं. लोकांनी मला आणखी मानलं असतं. पोप स्वतःच्या नियमापुढे वाकला, म्हणाले असते. आणि बर्नाडीन त्या हिरव्या गाडीतून घरी गेली असती आणि स्वयंपाकघरात बसून सगळा संसार पहिल्यापासून आठवू लागली असती, एकेका वाक्यावर नख फिरवत.

पण नुसतं तेवढंच नव्हतं. रोस्को म्हणाला ते खरं होतं. मला माहीत होतं. ह्या डब्याबद्दल मला जे माहीत होतं ते जगात कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत असून गप्प राहणं मला कधी जमलेलं नाही.

“अस्सल आहे,” मी मोठ्याने म्हणालो. “कारखान्यात चढलेला. कधी बदललेला नाही. काझ खरं बोलत होता.”

गर्दीत कुजबुज झाली. वॉल्ट हसला. “कशावरून? अंगठा बघ माझा! तुझाच नियम आहे!”

“नियम चुकलाय. पुढच्या वेळी पुस्तिकेतून काढून टाका.”

“आणि पास कोण करतंय हे? क्लब?”

“क्लब नाही,” मी म्हणालो, आणि हे वॉल्टकडे बघून म्हणालो नाही. सोंड तोंडाशी आणली. पत्रा कोमट होता. “मी करतोय. ऑरिन टेस्मर.”

लोक आता हसत नव्हते. म्हातारा डब्याशी बोलतोय, हे मागच्या ओळीपर्यंत पोचलं असावं. एका बाईने आपल्या मुलीला जवळ ओढलं. पुढच्या वर्षी मला परीक्षक म्हणून बोलावणार नाहीत, हे मला त्याच क्षणी, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर, छापल्यासारखं दिसलं. बर्नाडीनने मात्र टोपी काढली होती आणि छातीशी धरून ती रडत होती, की हसत होती, की दोन्ही, ते कळेना. वॉल्टचा हात खाली आला होता. त्याने अंगठा पॅंटला पुसला, मग पुन्हा बघितला, मग झाकण माझ्या हातातल्या डब्यावरून स्वतःच उचलून उलटं केलं, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. झाकण आतून कोरं होतं. संत्र्याच्या सालीसारखा रंग, आणि त्यावर काहीही नाही.

“ऑरिन, ठेव ते खाली,” रोस्को म्हणाला. त्याने माझं मनगट धरलं होतं. “ठेव. झालं तुझं.”

झालं नव्हतं. सोंडेतून कागद चाळल्याचा आवाज येत होता. कुणीतरी लिहायला पेन्सिल शोधत होतं, सापडत नव्हती, आणि शोधताना तीच बेसूर शिट्टी वाजवत होतं. सापडली. ओठांशी ओली केली. मी कान लावला.

“टेस्मर,” आवाज म्हणाला. “एस एक की दोन?”

जन्मभर लोकांनी माझ्या नावाच्या स्पेलिंगमध्ये दोन लावले. कचेरीतल्या दारावरच्या पाटीत दोन होते, पेन्शनच्या पहिल्या पाकिटावर दोन होते, आणि प्रत्येक वेळी मी ते दुरुस्त करून घेतलं.

“एकच,” मी म्हणालो, आणि जरा ठणकावूनच म्हणालो, वॉल्टलाही नीट ऐकू जावं म्हणून.